कोर्लेकर वकिलांची मोटार

अलिबागच्या कोर्टात त्र्यंबकराव कोर्लेकरांना सगळे मागून ‘मुदतवाले’ म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. खटला पडका असो की बळकट, त्र्यंबकराव उभे राहिले की आधी पुढची तारीख मागायचे. साक्षीदाराला हिवताप आहे, नक्कल हाती आलेली नाही, खाडीला उधाण आहे, पक्षकाराच्या घरी सोयर आहे. कारण कधी कमी पडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की वेळ गेला की माणसाचा राग जातो आणि राग गेला की दाव्यात फारसं काही उरत नाही. थळच्या दोन भावांचा विहिरीचा दावा त्यांनी इतका लांबवला की मधल्या काळात दोघांच्या मुलींची लग्नं एकाच मांडवात लागली आणि दावा आपोआप बुडाला. त्या दिवशी बाररूममध्ये सुपारी कातरत ते मला म्हणाले, “नाना, न्याय देणं जज्जाच्या हाती. वेळ मिळवणं मात्र आपल्या हाती आहे.”

मी त्यांच्याहून थोडा लहान. वकिली एकाच कोर्टात आणि घरं एकाच आळीत, मधे फक्त एक सुपारीची वाडी. त्यामुळे सकाळी कोर्टात जाताना आणि संध्याकाळी परतताना आमची सोबत असे. उंच, किडकिडीत माणूस. डोक्याचा रुमाल नेहमी एका कानावर कललेला. चालताना मान पुढे काढून, जमिनीवर काहीतरी पडलंय ते शोधत असल्यासारखे चालायचे. पण वाडीच्या बेड्यापाशी, फाटकाशी आले की मान वर व्हायची आणि मोठ्यानं हाक जायची, “द्वारका, आलो गं.”

बायकोला नावानं हाक मारणं त्या काळात आमच्या आळीत नवलाचं होतं. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. आमच्या घरात ही मला म्हणायची, “कोर्लेकर भाऊजींना लाज नाही, पण ऐकायला गोड वाटतं.” मूलबाळ नव्हतं. दोघंच दोघांना. द्वारकावहिनी ठेंगण्या, सावळ्या, बोलायला तिखट. नवऱ्याच्या मुदती मागण्यावर त्यांच्याइतकं कुणी हसत नसे. “आमचं लग्नसुद्धा तीन तारखा पडून झालं,” असं त्या सांगायच्या.

एका वर्षी भाताच्या कापणीच्या सुमाराला वहिनींना बारीक ताप येऊ लागला. मग खोकला. मग मुंबईहून एक डॉक्टर आणवले. त्यांनी छाती ठोकून पाहिली, हात धुतले आणि ओटीवर येऊन जे काय सांगायचं ते सांगितलं. आळीत ‘क्षय’ हा शब्द कुणी उच्चारत नसे, ‘कडकी आहे’ एवढंच म्हणत.

डॉक्टर म्हणाले, “या झाडीत ठेवू नका त्यांना. सुपारीच्या वाडीत ओल फार, ऊन खाली उतरत नाही. रोज समुद्राची मोकळी हवा मिळाली पाहिजे. पण चालवायचं नाही आणि धक्का बसू द्यायचा नाही. तीन-चार वर्षं असं जपलं तर छातीतली जखम सुकते. मी सुकलेल्या पाहिल्या आहेत. आणि तुम्ही निजायची खोली वेगळी करा.”

त्र्यंबकरावांनी त्यातलं तेवढंच धरलं. तीन-चार वर्षं. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी पुढे एकदा आठवण केली तेव्हा म्हणाले, “ती रात्री दचकून उठते, नाना. तेव्हा तिथं कुणी नको?”

समुद्र आमच्या घरांपासून लांब नाही, पण वहिनींना तेवढंही चालणं वर्ज्य. पहिल्या दिवशी टांगा आणला. आळीतला रस्ता दगडाधोंड्यांचा. टांगा किनाऱ्याला पोचायच्या आत वहिनींच्या पदरावर रक्त आलं. मेणा करावा म्हटलं तर भोई दुखणं कळल्यावर फिरकेनात. चार दिवस त्र्यंबकराव एकटेच किनाऱ्यावर जाऊन बसायचे. तिथं त्यांच्या ध्यानात आलं, की ओहोटी लागली म्हणजे अलिबागपासून वरसोलीवरून थेट थळापर्यंत वाळू घट्ट होते. तीवर बैलगाडीच्या चाकाचीसुद्धा रेघच तेवढी उमटते, चाक रुतत नाही. तिथं धक्का बसणार नाही.

त्यांनी आक्षीची वडिलोपार्जित नारळाची वाडी विकली आणि मोटार घेतली.

आमच्या आळीतली ती पहिलीच मोटार. काळी, उघडी, वर कापडी टप. धरमतरच्या बंदरात पडावातून उतरवली. चालवायला शिकवण्यासाठी कंपनीचा एक पारशी मेकॅनिक सोबत आला होता, तो आठवडाभर आमच्याकडे जेवायला होता. त्र्यंबकरावांनी घराच्या बेड्यापासून किनाऱ्यापर्यंतची वाट मातीनं भरून घेतली. पहिल्यांदा वहिनींना शेजारी बसवून ते वाळूवर मोटार घेऊन गेले, तेव्हा अर्धं अलिबाग किनाऱ्यावर होतं. परत आले तेव्हा वहिनींच्या पदराला डाग नव्हता. त्यांना भूकसुद्धा लागली होती.

त्याच संध्याकाळी तो मेकॅनिक चाकांतली वाळू काढता काढता म्हणाला, “वकीलसाहेब, हे गाडी सडकेवर चालवायला हाय. खाऱ्या वाळूत रोज घेऊन जाशील तर दोन पावसाला जाणार नाय. पहिला रंग फुटेल, मग पत्रा खाईल.”

“मग त्यावर काय लावायचं?”

“कोण बोलते मेण, कोण बोलते वार्निश. दर्याला माझ्याकडे दवा नाय.”

डॉक्टरनं तीन-चार वर्षं सांगितली होती आणि हा दोन पावसाळे म्हणत होता. विकायला दुसरी वाडी नव्हती. मला वाटतं त्या क्षणापासून ते आमचे राहिले नाहीत.

मोटारीच्या रंगावर काय चढवावं, हा एकच विषय त्यांच्या डोक्यात शिरला. मुंबईहून त्याच काळ्या रंगाचे पत्र्याचे तुकडे मागवले आणि प्रत्येकाला निराळा लेप दिला. एकाला खोबरेल, एकाला जवसाचं तेल, एकाला लाख, एकाला राळ घालून उकळलेलं वार्निश, एकाला मेण. वरसोलीच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेघेपाशी, दोन बांबूंना काथ्याची दोरी बांधून ते तुकडे टांगले. रोज कोर्टाच्या आधी जाऊन त्यांवरून बोट फिरवून यायचे. पुढे ती सवयच लागली. बाररूमची कडी, विहिरीचा रहाट, जज्जाच्या खोलीचा गज, जिथं लोखंड दिसेल तिथं बोट फिरवून उजेडात धरायचे.

त्याच दिवसांत वरसोलीच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळी येईना. वाऱ्यावर वाजणारे ते काळे तुकडे पाहून कोळणींना ही करणी वाटली. एके सकाळी आम्ही गेलो तर प्रत्येक तुकड्याला कुंकू लावलेलं आणि खाली लिंबू कापून टाकलेलं. पाच-सहा बायका उभ्याच होत्या. त्यांतली एक म्हातारी पुढे आली.

“वकीलसायेब, ह्यो काय बांदलाव आमच्या दाराम्होरं?”

“औषध शोधतोय, आजी. मोटारीचं.”

“मोटारीला काय झालाय?”

“अजून काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून.”

म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. वहिनींचं दुखणं वरसोलीतही ठाऊक होतं. ती म्हणाली, “मंग पत्र्यानं काय व्हतंय? एकवीरेला नवस बोला.” आणि तिनंच बाकीच्या बायकांना मागे घेतलं. ते तुकडे तिथंच राहिले.

परतताना त्र्यंबकराव म्हणाले, “बोललो, नाना.” मी विचारलं, “कुणासाठी?” ते म्हणाले, “दोघींसाठी.” देवधर्माचं फारसं न करणारा माणूस तो. मला हसू येईना.

धर्मा नाखवा म्हणून त्यांचा एक जुना पक्षकार होता. त्यानं सांगितलं, होडीच्या लाकडाला आम्ही मुशी माशाचं तेल देतो, खारं पाणी आत शिरत नाही. त्यानं घागरभर तेल आणून दिलं. त्र्यंबकरावांनी मोठ्या आशेनं मोटारीच्या एका बाजूला ते चोपडलं. संध्याकाळी वहिनी मोटारीत बसल्या आणि त्या वासानं उमासे येऊन अशा खोकू लागल्या की आमची ही धावत गेली. त्र्यंबकराव पुढचे दोन दिवस राखेनं आणि शिकेकाईनं ती बाजू घासत होते. धर्मा ओशाळून उभा होता. “सायेब, आमी तरी पावसाला होडी वर काढतो. तुमी रोज दर्यात नेताव. दर्या कुनाचा न्हाय ऱ्हात.” त्र्यंबकराव म्हणाले, “तुझं तेल चांगलं आहे रे. तिची छाती चांगली नाही.”

लेपांपैकी लाख दमट हवेनं पांढरी पडली. खोबरेलाला वाळू चिकटली. टिकलं ते वार्निशच. पण त्याची एक अट होती. ते दिल्यावर मोटार आठवडाभर सावलीत, वारा लागणार नाही अशी बंद ठेवायची. मोटार आठवडाभर बंद म्हणजे वहिनी आठवडाभर घरात. त्या माणसानं यावर महिनाभर विचार केला. मला, हिला, कारकुनाला, डॉक्टरला, भेटेल त्याला विचारायचे, “काय करावं? एकदाच आठ दिवस हवा चुकवून चार वर्षं मिळवावीत, की रोजची हवा धरून मोटार गमवावी?” आम्ही काय सांगणार? वहिनीच शेवटी वैतागून म्हणाल्या, “द्या तो लेप एकदाचा. आठ दिवसांत मी काही जात नाही.”

गोठा रिकामा करून, गोणपाटं लावून त्यांनी आत मोटार ठेवली आणि लेप दिला. तिसऱ्या दिवशी वहिनींचा ताप चढला. दारं-खिडक्या उघड्या असून त्या हवा मागायला लागल्या. दुपारी मी गेलो तर त्र्यंबकराव गोठ्याच्या दारात उभे. एकदा घराकडे बघत होते, एकदा आत. “बोटाला अजून चिकटतंय, नाना,” म्हणाले. घरातून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी एका झटक्यात गोणपाटं ओढून टाकली आणि हँडल मारलं.

त्या दिवशी किनाऱ्यावर वारा होता. ओल्या वार्निशावर वाळू बसली ती बसलीच. परत आली तेव्हा मोटारीचा काळा रंग दिसत नव्हता, सगळी खरखरीत, मातकट झाली होती. पोरं मागे लागून ‘वाळूची मोटार’ म्हणून ओरडत होती. आणि त्या तापात वहिनी हसत होत्या. हसताना खोकत होत्या, पुन्हा हसत होत्या. त्र्यंबकराव उतरले, मडगार्डावरून हात फिरवला आणि तिथंच पायरीवर बसले. रडत होते की काय ते मी पाहिलं नाही.

ती वाळू खरवडायला आठवडे गेले. रंगही तिच्याबरोबर जागोजाग निघाला. मग उरलं मेण. ते पटकन वाळायचं, पण आठवड्यात धुऊन जायचं. त्र्यंबकरावांनी ठरवलं, रोज लावायचं. कनकेश्वराच्या डोंगरातले कातकरी पोळ्याचं मेण आणून देत. ते टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचं, रोज फेरी झाली की मोटार गोड्या पाण्यानं धुवायची, पुसायची, आणि फडक्यानं मेण चढवायचं. गडी होता, पण त्याला हात लावू देत नसत. गोठा बंद, आत तो उग्र वास, आणि उघड्या अंगानं घासणारे आमचे वकील.

वकिली मागे पडत चालली होती. ओहोटी रोज पुढे सरकते. कधी सकाळी, कधी भर कोर्टाच्या वेळी. एकदा दुपारी मोठा जमिनीचा दावा चालू असताना त्र्यंबकराव उठले आणि पुढची तारीख मागितली.

सबजज्जसाहेब म्हणाले, “आज काय कारण, मिस्टर कोर्लेकर?”

“साहेब, ओहोटी लागली आहे.”

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला. ते काही वेळ कागद चाळत राहिले आणि त्यांनी तारीख दिली. पण दुसऱ्यांदा नाही दिली. तिसऱ्यांदा त्र्यंबकरावांनी मागितलीच नाही. माझ्या हातात कागद दिले, “नाना, एवढं बघा,” म्हणाले आणि चालू कामातून निघून गेले. तो दावा गेला. पक्षकारांनी एकेक करून दुसरे वकील पाहिले. धर्मा नाखवा तेवढा राहिला, आणि त्याला दावा नव्हता.

एका रविवारी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. डॉक्टर नुकतेच वहिनींना तपासून गेले होते. त्र्यंबकराव हातात फडकं घेऊन गोठ्यातून आले आणि विचारू लागले, “काय म्हणाले?”

वहिनी आतल्या बाजेवरून उठून दारात आल्या. एरवी माझ्यादेखत त्या नवऱ्याशी असं बोलल्या नसत्या.

“डॉक्टर येतात तेव्हा तुम्ही गोठ्यात असता. मोटारीचा रंग कुठे कुठे फुटलाय ते डोळे मिटून सांगाल. माझा ताप काल किती होता, सांगा बघू.”

त्र्यंबकराव हातातल्या फडक्याची घडी करू लागले.

“रोग मला झालाय की तिला?” वहिनी म्हणाल्या. “मी मेले तर त्या पत्र्याला मेण फासून काय करणार आहात?”

मी उठायला लागलो. त्र्यंबकरावांनी मला हातानं थांबवलं. कदाचित त्यांना एकटं राहायचं नव्हतं. ते हळू बोलले, पण मला ऐकू आलं.

“तुझ्या छातीत काय चाललंय ते मला दिसत नाही, द्वारका. तिथं मला हात लावता येत नाही. हिला लावता येतो. फोड आला तर दिसतो, घासला तर जातो. मी दुसरं काय करू, ते तू सांग.”

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मला चालवायला शिकवा.”

“तुला श्रम होतील.”

“बसून चाक फिरवायचं. रवी घुसळण्यापेक्षा कमी श्रम. सारखं शेजारी बसून तुमचं तोंड बघायचा कंटाळा आलाय मला.”

अशा तऱ्हेनं द्वारकावहिनी मोटार शिकल्या. हँडल त्र्यंबकराव मारायचे, बाकी सगळं त्या. ओहोटीच्या त्या रुंद वाळूवर आपटायला काही नव्हतं. नऊवारीतली बाई, केसांना रुमाल बांधलेला, मोटार वळवते आहे, आणि शेजारी वकील दोन्ही हातांनी टपाची दांडी धरून बसले आहेत, हे पाहायला थळपासून लोक यायचे. कोळणी टोपल्या खाली ठेवून उभ्या राहायच्या. आळीत बोलणं झालं, पण आजारी बाईला कोण काय म्हणणार? त्या सगळ्या वर्षांत त्र्यंबकरावांना मोकळेपणानं हसताना मी तिथंच पाहिलं. एकदा त्यांनी तिला वेग वाढवू दिला. वाऱ्यानं त्यांचा रुमाल उडून पाण्यात गेला आणि तो काढायला त्यांनी मोटार थांबवू दिली नाही.

मधे दोन पावसाळे गेले. मोटार गेली नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टर वहिनींना तपासून म्हणाले, “सुधारणा आहे.” ताप येईनासा झाला होता. गालांवर मांस दिसू लागलं. आमच्या हिनं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि त्या चालत आल्या.

त्र्यंबकराव मात्र खंगत होते. मुळात किडकिडीत, त्यामुळे आमच्या लवकर ध्यानात आलं नाही. खोकायचे. विचारलं की म्हणायचे, “टर्पेंटाइन घशात जातं.” ते पटण्यासारखं होतं. त्या गोठ्यात शिरलं की आम्हालाही ठसका लागायचा. वहिनीही त्यांना रागवायच्या, “बास झालं ते मेण, तुमचा घसा गेला त्यानं.” घशाचंच आहे, असं सगळं घर धरून चाललं होतं. ही मात्र एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “भाऊजींचं खोकणं टर्पेंटाइनचं नव्हे. वहिनींचं मी ऐकलेलं आहे.”

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या वाटेवर मी त्यांना सरळ म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊन या.”

ते थांबले. इकडेतिकडे पाहिलं. “जाऊ,” म्हणाले. “तिची छाती पक्की सुकू दे. आता कळलं तर ती पुन्हा पडेल.”

“त्र्यंबकराव, यात मुदत मिळत नाही.”

“मिळवलेली आहे, नाना. तिला मिळाली ना?”

त्यानंतर काही महिन्यांनी धर्मा नाखव्याचाच एक दावा कोर्टात उभा राहिला. होडी बांधायच्या जागेचा. मी दुसऱ्या कामासाठी तिथंच बसलो होतो. नाव पुकारलं गेलं, त्र्यंबकराव उठले. सबजज्जसाहेबांनी सवयीनं पुढच्या तारखांचं पान उघडलं.

त्र्यंबकराव म्हणाले, “माझी तयारी आहे, साहेब. आजच चालवावं.”

सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघू लागलं. त्यांनी काम चालवलं. कुठेही न थांबता, एकही कागद न चाळता. इतकं स्वच्छ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, हा माणूस इतकी वर्षं मुदती कशाला मागत होता? शेवटी ते “एवढंच,” असं म्हणाले, खाली बसले आणि खोकू लागले. तोंडाला लावलेला रुमाल त्यांनी घाईघाईनं घडी करून खिशात घातला. पण मी शेजारीच होतो, आणि धर्मा समोर. धर्मानं मान फिरवली.

दावा धर्मानं जिंकला. निकाल सांगायला मी गेलो तेव्हा त्र्यंबकराव बाजेवर होते आणि वहिनी उशाशी. डॉक्टर येऊन गेले होते. छातीच्या दोन्ही बाजू पोखरलेल्या. घाटावर आरोग्यधामात हलवावं असं डॉक्टरचं मत पडलं. त्र्यंबकराव नको म्हणाले. वहिनींनी आग्रह केला नाही. त्या रडल्याही नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, “नाना भाऊजी, ओहोटी केव्हा आहे ते कोळीवाड्यात विचारून येता?”

तिथून पुढे त्या त्यांना न्यायच्या. हँडल मारायला धर्माचा भाचा यायचा. मोटारीला आता कुणी मेण लावत नव्हतं. वहिनींना वेळ नव्हता आणि ते विचारत नव्हते. एका पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. मडगार्डांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, तळाचा पत्रा पायाखालून गेला. धर्मानं होडीची फळी कापून तिथं बसवली. डावं दार काथ्यानं बांधायचं. त्र्यंबकराव शालीत गुंडाळून शेजारी बसायचे. पूर्वी दर घडीला पत्र्याकडे जाणारी त्यांची नजर आता तिकडे वळतसुद्धा नसे. ते वहिनींच्या हातांकडे पाहत असत, चाक कसं धरलंय तिकडे.

ते चैत्रात गेले. वहिनी माणगावला भावाकडे राहायला गेल्या आणि पुष्कळ वर्षं जगल्या. त्यांच्या छातीतली जखम पुन्हा उघडली नाही. मी पेणला एका कामासाठी गेलो होतो, त्यामुळे त्र्यंबकरावांच्या शेवटच्या दिवशी मी अलिबागेत नव्हतो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही दिवस आधी, सकाळी, किनाऱ्यावर.

पेणला निघण्यापूर्वी भेटावं म्हणून घरी गेलो तर मोटार घेऊन गेलेत असं कळलं. किनाऱ्यावर आलो. लांब वरसोलीच्या बाजूला, पाण्याच्या कडेला मोटार उभी दिसली. तोंड समुद्राकडे. बंद. मी चालू लागलो. अर्ध्या वाटेत माझ्या ध्यानात आलं की ओहोटी संपली आहे. पाणी वळलं होतं. मोटारीच्या पुढच्या चाकांखालून लाट आत जात होती आणि परत येत होती.

मला वाटलं मोटार बंद पडली. मी धोतर वर खोचून धावत सुटलो. पोचलो तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात वहिनींनी मान वळवली आणि बोट ओठांवर ठेवलं.

त्र्यंबकराव त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते. रुमाल नव्हता, केस वाऱ्यानं उडत होते. तोंड थोडं उघडं. श्वास संथ चालला होता. धर्माचा भाचा दुसऱ्या बाजूला पाण्यात उभा होता, हँडल हातात घेऊन, आणि वहिनींकडे बघत होता.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आत्ता लागलाय.”

“पाणी चढतंय, वहिनी.”

“चढू दे.”

लाट आली. दाराच्या खालच्या फटीतून पाणी आत शिरलं आणि फळीवरून त्यांच्या पायांशी गेलं. वहिनींनी खांदा हलू न देता दुसऱ्या हातानं त्यांच्या शालीचं टोक वर उचलून मांडीवर घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मोटारीच्या पुढे जाऊन पाण्यात उभा राहिलो.